वाचक विचारतात : लहान दुकानांतला बर्गर शोधताना

मागील अंकात मी ओक्लाहोमा राज्यात लेकीकडे काढलेल्या सहा महिन्यांविषयी आणि त्या मुक्कामात पाहिलेल्या लहान, कोणत्याही साखळीत नसलेल्या बर्गरच्या दुकानांविषयी लिहिले होते. त्यावर बरीच पत्रे आली. काहींनी कौतुक केले, एका वाचकाने तर 'आपल्या घरी भाकर असताना हे कशासाठी' असा खडा सवाल टाकला. निवडक पाच प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. आरंभीच एक कबुली देते : मी मटण आणि कोंबडी खाते, गोमांस खात नाही. त्यामुळे या लेखनात चवीचा निवाडा बहुतांशी माझ्या जावयाचा आहे आणि तव्यासमोर बसून केलेले निरीक्षण माझे आहे.

प्रश्न : ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक असून दारव्हा तालुक्यात राहतो. माझा मुलगा अमेरिकेत डॅलस येथे नोकरीला आहे. येत्या उन्हाळ्यात आम्हा उभयतांना तेथे नेऊन तीन आठवडे गाडीने देशभर फिरवण्याचा आणि वाटेत केवळ जुन्या, घरगुती बर्गरच्या दुकानांत जेवण्याचा त्याचा बेत आहे. एका पाव-मांसासाठी हजारो किलोमीटर गाडी हाकण्यात काही अर्थ आहे काय? आणि असलाच, तर नेमके काय पाहावे?

उत्तर : गुरुजी, तुमच्या पहिल्या प्रश्नात जी शंका आहे तीच मलाही होती आणि एल रिनो या गावी पोहोचेपर्यंत ती टिकली. ओक्लाहोमा सिटीच्या पश्चिमेला साधारण तासाभराच्या आत येणारे हे गाव आपल्या एखाद्या तालुक्याच्या ठिकाणाएवढे आहे. एकेकाळी तेथे रेल्वेचे मोठे कारखाने होते. गावात कांदा घातलेला बर्गर मिळतो आणि त्यासाठी लोक दुसऱ्या राज्यांतून येतात. त्यातील रॉबर्ट्स ग्रिल हे दुकान १९२६ पासून चालू आहे. आत जेमतेम डझनभर स्टूल असतील, सगळी तव्याकडे तोंड करून मांडलेली. म्हणजे गिऱ्हाइकाने स्वयंपाक पाहतच जेवायचे.

मी जे पाहिले ते सांगते. स्वयंपाक्याने लिंबाएवढा नव्हे, चांगला संत्र्याएवढा मांसाचा गोळा तापलेल्या लोखंडी तव्यावर ठेवला आणि त्यावर मूठभर कांदा टाकला. हा कांदा आपण पोह्यात घालतो तसा चिरलेला नव्हता, तर दोऱ्यासारखा बारीक, पार आरपार दिसेल असा कापलेला होता. मग त्याने उलथने, ज्याला आपल्याकडे सराटा म्हणतात, ते आडवे धरून दोन्ही हातांचा जोर लावला आणि तो गोळा पापडासारखा चेपून टाकला. कांदा मांसात रुतला. उलटल्यावर कांदा खाली गेला, मांसातून सुटलेल्या चरबीत तळला जाऊन तपकिरी झाला आणि कडा कुरकुरीत झाल्या. शेवटी पावाचा वरचा अर्धा भाग त्याने त्या मांसावरच पालथा घातला, म्हणजे वाफ पावात मुरली. सारे मिळून चार-पाच मिनिटे लागली असतील. जावयाने पहिला घास घेतला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मी त्याच तव्यावर भाजलेले चीजचे सँडविच आणि त्यात तोच कांदा मागितला होता. कांद्याची गोडी मात्र मी स्वतः चाखली आहे आणि तिच्याबद्दल छातीठोकपणे सांगू शकते.

आता हा कांदा तेथे आला कसा, हे महत्त्वाचे आहे. काहीजण १९२२ च्या रेल्वे कामगारांच्या संपाचे नाव घेतात, काहीजण १९३० च्या दशकातील मंदीचे. दोन्ही कथांचे मूळ एकच : गिऱ्हाइकाच्या खिशात पैसा नव्हता, मांस महाग होते आणि कांदा स्वस्त. थोड्या मांसात भरपूर कांदा दडपला की घास मोठा दिसतो आणि पोटही भरते. आपल्याकडे उन्हाळ्यात भाजीची टंचाई झाली की पाटोडीचा रस्सा होतो, किंवा आंबाडीची भाजी कण्या घालून वाढवली जाते, त्यामागे हाच हिशेब असतो. फरक एवढाच की टंचाई सरल्यावरही एल रिनोच्या लोकांनी तो कांदा काढला नाही, कारण तोवर त्यांना तीच चव आवडू लागली होती. दरवर्षी मे महिन्यातील पहिल्या शनिवारी तेथे या कांदा-बर्गरचा उत्सव भरतो आणि एक अवाढव्य बर्गर करून तो गावाला वाटला जातो. तुमचे जाणे एप्रिल अखेरीस होत असेल, तर तारीख जुळते का ते पाहावे.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, केवळ पाव-मांसासाठी एवढे अंतर कापण्यात अर्थ नाही. पण एखाद्या गावाने आपल्या अडचणीतून काय रांधले, हे त्या गावातल्या तव्यासमोर बसूनच कळते आणि त्यासाठी मी पुन्हा जाईन. साखळी दुकानांत हे कळण्याची सोय नाही, कारण तिथला बर्गर मुद्दामच कोणत्याही गावचा नसतो. अशी पहिली साखळी १९२१ मध्ये कॅन्सस राज्यातील विचिटा येथे 'व्हाइट कॅसल' या नावाने सुरू झाली आणि तिचे वैशिष्ट्यच हे होते की कुठेही गेलात तरी इमारत तीच, आकार तोच, चव तीच. प्रवासात लहान मुले सोबत असताना ही गोष्ट उपयोगाचीही असते, हे मी नाकारत नाही. पण ती शोधायला कुणी निघत नाही.

डॅलसहून काय साधेल? एल रिनो सुमारे पावणेचारशे किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या यवतमाळहून संभाजीनगरला जाण्यासारखे. एका दिवसात जाऊन मुक्काम करता येतो. तेथून पश्चिमेला वळल्यास आणखी सुमारे सव्वाआठशे किलोमीटरवर न्यू मेक्सिको राज्यातील आल्बुकर्की आणि त्याच्या दक्षिणेला सान आंतोनियो नावाचे अगदी छोटे गाव लागते. तिथल्या आऊल बारमध्ये बर्गरवर भाजलेली हिरवी मिरची घालतात. १९४५ मध्ये जवळच्या वाळवंटात अणुबॉम्बची पहिली चाचणी झाली, तेव्हा त्या कामावरचे शास्त्रज्ञ येथे जेवायला येत असत, असे गावात सांगतात. ही मिरची आपल्या भिवापुरी मिरचीसारखी जाळ उठवणारी नाही, जाड सालीची आहे. शरद ऋतूत ती मोठ्या जाळीच्या पिंपांत फिरवून भाजतात आणि त्या वासाने रस्तेच्या रस्ते भरून जातात. त्या राज्याने 'लाल की हिरवी?' हा मिरचीचा प्रश्न चक्क राज्याचा अधिकृत प्रश्न म्हणून मान्य केलेला आहे. नागपूर जिल्ह्यातील मिरची-उत्पादकांनी याची नोंद घ्यावी.

उलट, डॅलसहून पूर्वेला वळलात तर सव्वासातशे किलोमीटरवर मेम्फिस आणि तेथून दीडशे किलोमीटरवर मिसिसिपी राज्यातील कॉरिंथ आहे. कॉरिंथचा 'स्लगबर्गर' हा माझ्या मते साऱ्या प्रवासातील सर्वांत प्रामाणिक पदार्थ. स्लग म्हणजे शंख नसलेली गोगलगाय, त्यामुळे नाव ऐकून आमच्या लेकीने नाक मुरडले. पण तिथे स्लग हे पाच सेंटच्या नाण्याचे बोलीतील नाव होते आणि बर्गरही त्याच किमतीचा होता. मांसात आधी बटाट्याचे, नंतर सोयाबीनचे पीठ मिसळून ते वाढवायचे, थापायचे आणि तेलात तळायचे. वर मोहरीची चटणी, लोणच्यातली काकडी आणि कांदा, बस. सोयाबीन हे नाव वाचून तुमच्या भागातील शेतकऱ्यांना काय वाटेल ते मी समजू शकते. आपण ते क्विंटलाने विकतो आणि भाव पडला म्हणून रडतो, तिकडे शंभर वर्षांपूर्वीपासून गरिबाच्या बर्गरमध्ये मांसाची भर पिठाने पडते आहे. त्या गावातील बोरूम्स या १८६५ पासूनच्या औषधाच्या दुकानात आजही सोडा-फाउंटनच्या, म्हणजे सोडा-सरबते मिळणाऱ्या, काउंटरवर हा बर्गर मिळतो. औषधाच्या दुकानात खाणे, ही कल्पना आपल्याला पचायला जरा वेळ लागतो.

पूर्व आणि पश्चिम दोन्ही करू नये. मुलाला सांगा की एक दिशा निवड. तीन आठवड्यांत साऱ्या देशाचे बर्गर खाऊ म्हणणारा शेवटी गाडीतच झोपतो आणि दुकानांपेक्षा पेट्रोल पंपच अधिक पाहतो. आणखी एक सूचना माझ्या स्वतःच्या चुकीतून देते. आम्ही एकदा तीन तास गाडी चालवून एका खेड्यातील दुकानापर्यंत गेलो आणि दारावर हाताने लिहिलेली पाटी होती की मालक नातवाच्या पदवीदान समारंभाला गेल्यामुळे दुकान दोन दिवस बंद आहे. लहान दुकानाचे हे असेच असते. अनेक दुकाने रविवारी बंद असतात, काही दुपारनंतर माल संपला की बंद होतात, काही ठिकाणी फक्त रोख पैसे चालतात. निघण्यापूर्वी फोन करावा. मेन्यूवर छापलेल्या दरात कर धरलेला नसतो आणि जेथे कुणी टेबलावर आणून वाढते तेथे पंधरा ते वीस टक्के बक्षिसी द्यावी लागते, हेही मनात धरून ठेवावे, म्हणजे बिल पाहून मुलासमोर चेहरा पडत नाही.

प्रश्न : हॅमबर्गरमध्ये हॅम, म्हणजे डुकराचे मांस असते काय? आणि तो मुळात कुणी शोधला? (एक वाचक, मूर्तिजापूर)

उत्तर : नाही. हे नाव जर्मनीतील हॅम्बुर्ग या बंदराच्या शहरावरून आले आहे. बहुतेक बर्गर गोमांसाचे असतात. कॉरिंथसारख्या एखाद्या ठिकाणी डुकराचे मांस वापरलेले आढळते, म्हणून न खाणाऱ्याने विचारून घेणेच बरे.

कुणी शोधला, याचे उत्तर देऊन मला शत्रू वाढवायचे नाहीत. विस्कॉन्सिनमधील सीमोर गाव म्हणते की चार्ली नॅग्रीन याने १८८५ मध्ये जत्रेत मांसाचा गोळा पावाच्या दोन कापांत चेपून दिला, म्हणजे लोकांना चालता चालता खाता यावा. त्याच वर्षाचा दावा न्यूयॉर्क राज्यातील एका जत्रेसाठी मेंचेस बंधूंच्या नावे आहे. टेक्सासातील अथेन्स आणि ओक्लाहोमातील टल्सा यांचे आपापले दावे आहेत. कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथील लुईज लंच हे दुकान मात्र १८९५ पासून आजवर त्याच घराण्याकडे आहे आणि तेथे १९०० पासून बर्गर मिळतो, असे ते सांगतात. माझा कल या दुकानाकडे आहे, पण त्याचे कारण इतिहास नाही. तिथे अजूनही १८९८ च्या सुमाराच्या उभ्या लोखंडी गॅसच्या शेगड्या आहेत, त्यात मांस जाळीत धरून उभे भाजतात, त्यामुळे दोन्ही बाजू एकदम शिजतात आणि चरबी खाली गळून जाते. गोल पाव नसतो, भाजलेल्या साध्या ब्रेडचे दोन काप असतात. चीज, टोमॅटो आणि कांदा एवढेच मिळते. टोमॅटो केचप मागितलेत तर मिळत नाही. न्यूयॉर्कला उतरणार असाल, तर तेथून आगगाडीने दोन तासांत हे गाव गाठता येते.

प्रश्न : माझे यजमान मांसाहारी आहेत, मी माळकरी घरातली आहे. मुलीने आम्हा दोघांना बोलावले आहे आणि जावई बर्गरचे शौकीन आहेत. त्यांचा हिरमोड होऊ नये, पण मला त्या दुकानांत बसवेल काय? (एक वाचक भगिनी, समुद्रपूर तालुका)

उत्तर : ताई, हे पत्र वाचून मला आपलेपणा वाटला. प्रथम स्पष्ट सांगते की जुन्या बर्गर-दुकानांत शाकाहारी बर्गर मिळेलच असे नाही. गेल्या दहा वर्षांत वनस्पतिजन्य 'मांसा'चे बर्गर अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी आले आहेत, मात्र ते बहुधा साखळी दुकानांत आणि शहरांतील नव्या दुकानांत असतात. गावातल्या जुन्या दुकानात तुम्हाला चीजचे भाजलेले सँडविच, बटाट्याचे तळलेले काप आणि फळांची पाय, म्हणजे पिठाच्या पारीत फळे भरून भाजलेला गोड पदार्थ, एवढेच हाती लागेल.

अडचण पदार्थाची नाही, तव्याची आहे. सारे काही त्याच तव्यावर भाजले जाते आणि सराटाही तोच असतो. मी त्याकडे डोळेझाक केली. माळ घातलेल्या व्यक्तीने तशी करावी, असे मी सांगणार नाही. तळण्याच्या तेलाचीही तीच कथा : काही ठिकाणी बटाटे ज्या तेलात पडतात त्यातच मांसही पडते. मेम्फिसमध्ये तर डायर्स नावाचे दुकान आहे, जे १९१२ पासून चरबी गाळून गाळून तीच पुढे चालवल्याचे अभिमानाने सांगते आणि दुकानाची जागा बदलली तेव्हा ती चरबी पोलिस बंदोबस्तात नेली गेली होती. आपल्याकडे २०१८ पासून तळण्याच्या तेलातील ध्रुवीय घटकांचे, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापल्याने त्यात वाढणाऱ्या घटकांचे, प्रमाण पंचवीस टक्क्यांवर गेले की ते तेल फेकण्याचा नियम आहे. त्या नियमाच्या अधिकाऱ्याला मेम्फिसला नेले तर काय होईल, याची मी कल्पना करून पाहिली आहे.

माझा सल्ला असा की सकाळी घरून दशम्या आणि जवसाची चटणी बांधून घ्यावी, आपले जेवण गाडीत किंवा रस्त्याकडेच्या विश्रांतिस्थळी उरकावे आणि मग दुकानात जाऊन जावयाशेजारी स्टुलावर बसून पाय व कॉफी मागवावी. पायमध्येही कुठे कुठे पिठाला डुकराची चरबी लावतात, तेवढे विचारावे. सांगताना 'मी धार्मिक कारणाने मांस खात नाही' असे सरळ सांगावे. मला एकाही दुकानात याबद्दल वेडेवाकडे उत्तर मिळाले नाही. उलट एका आजीबाईंनी स्वतःहून कागद घालून माझा ब्रेड वेगळ्या भांड्यात भाजून दिला. जावयाचा हिरमोड तुम्ही न खाल्ल्याने होत नाही. तुम्ही गाडीतच बसून राहिलात तर होतो.

प्रश्न : आपण अमेरिकेतील दुकाने शोधली. आपल्याच भागात, मोबाइलवरील ताऱ्यांवर विसंबून न राहता, खरे चांगले खाण्याचे ठिकाण कसे ओळखावे? आमच्या मेहकर भागात समृद्धी महामार्ग झाल्यापासून जुन्या रस्त्यावरची वर्दळ कमी झाली आहे. (एक वाचक, मेहकर तालुका)

उत्तर : तुमच्या पत्रातील दुसरे वाक्य मला पहिल्याहून मोठे वाटले, म्हणून तिथूनच आरंभ करते.

शिकागोपासून पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत जाणारा 'रूट ६६' हा रस्ता १९२६ मध्ये आखला गेला. तो गावागावांतून जात असे, त्यामुळे प्रत्येक गावात एक पेट्रोल पंप, एक लॉज आणि एक खाण्याचे दुकान उभे राहिले. एल रिनो याच रस्त्यावर आहे. १९५६ च्या कायद्यानंतर देशभर आंतरराज्य महामार्ग बांधले गेले, ते गावांना बाहेरून वळसा घालून गेले आणि १९८५ मध्ये रूट ६६ अधिकृत यादीतून काढून टाकण्यात आला. महामार्गाच्या उतारावर साखळी दुकाने आली, आतल्या गावांतली बहुतेक दुकाने बसली. जी तगली ती दोन प्रकारची होती. एक, ज्यांचे गिऱ्हाईक मुळातच प्रवासी नसून गावकरी होते. दोन, ज्यांच्याकडे असा एखादा पदार्थ होता की त्यासाठी माणूस महामार्ग सोडून दहा किलोमीटर आत येईल.

आपल्या समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. त्यावर चढण्या-उतरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत, दुचाकीला प्रवेश नाही आणि वाटेत बैलगाडीमागे थांबून 'चला, चहा घेऊ' म्हणण्याची सोय नाही. कारंजा, मालेगाव, मेहकर या जुन्या वाटेवरच्या एका ढाबेवाल्याने मला सांगितले की रात्रीच्या ट्रॅव्हल्स गेल्या, पण दुपारचे जेवण टिकून आहे, कारण दुपारी तहसील कचेरीचे आणि बाजाराचे लोक येतात. रूट ६६ वरचा पहिला प्रकार तो हाच. दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण शोधायला मेहकरहून फार लांब जायला नको. शेगावची कचोरी फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या शर्मा कुटुंबाने रेल्वे स्थानकावर विकायला सुरुवात केली आणि आज गजानन महाराजांच्या दर्शनाला आलेला माणूस तळलेल्या मिरचीसह तिचा पुडा घेतल्याशिवाय परत फिरत नाही. तो पदार्थ गावाबाहेरच्या हातांनी आला आणि गावाचा झाला, हे मला त्यातले विशेष वाटते.

आता ओळखण्याच्या खुणा. तारे मी पाहते, पण ते कुणी दिले ते आधी पाहते. एकाच आठवड्यात पडलेले पन्नास पाच-पाच तारे माझ्या लेखी शून्य आहेत. दुकानात शिरल्यावर पाटी वाचावी. पिझ्झा, मंच्युरियन, मिसळ, पावभाजी आणि दाल-बाटी एकाच पाटीवर असेल, तर तेथे त्यांपैकी एकही धड होत नाही असे समजायला हरकत नाही. लुईज लंचची पाटी तळहाताएवढी आहे. आपल्या बसस्टँडवर आलूबोंडा आणि तर्री याव्यतिरिक्त काहीच न विकणारा माणूस तिथे पंधरा वर्षे टिकला असेल, तर तर्रीचा वास घेण्याचीही गरज नाही.

त्यानंतर हात पाहावा. तळणारा, वाढणारा आणि पैसे घेणारा यांपैकी किमान एकजण मालक असावा. माल संपतो का, हेही बघावे : सकाळी साडेअकराला पोहे संपले म्हणून पातेले घासायला काढणारी टपरी चांगली, रात्री नऊपर्यंत सकाळचेच पोहे हलवत बसलेली टपरी वाईट. आणि सर्वांत खात्रीची खूण म्हणजे एसटीचे चालक-वाहक आपल्या पैशाने कुठे खातात. गाडी जेथे अधिकृतपणे थांबते तेथील जेवण त्यांना अनेकदा मोफत मिळते, त्यामुळे त्या थांब्याला पुरावा मानू नये. सुटीच्या दिवशी घरच्यांना घेऊन ते कुठे जातात, ते विचारावे.

प्रश्न : मी २४ वर्षांचा असून वरुड येथे बर्गरची हातगाडी सुरू करण्याचा विचार आहे. नागपुरात मोठ्या कंपनीच्या दुकानात दोन वर्षे काम केले आहे. तसाच बर्गर कमी किमतीत दिला तर चालेल काय?

उत्तर : भाऊ, तसाच दिलास तर चालणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कंपनीची टिक्की गोठवलेली येते, पाव ठरलेल्या मापाचा येतो, चटणी पिशवीतून येते आणि हे सारे त्यांना तुझ्याहून स्वस्त पडते. त्यांच्या खेळात त्यांना हरवता येत नाही. त्या कंपन्यांनाही भारतात येताना आपला खेळ बदलावा लागला होता : मॅकडोनाल्ड्सने १९९६ मध्ये येथे पहिले दुकान उघडले तेव्हा गोमांस आणि डुकराचे मांस बाजूला ठेवले आणि पुढे आलूच्या टिक्कीचा बर्गरच त्यांचा सर्वांत ओळखीचा पदार्थ ठरला. आलू तर तुझ्या आजीच्या आलूबोंड्यातही होता.

तू नागपुरात जे शिकलास त्यातले घेण्यासारखे आहे ते म्हणजे स्वच्छता, वेळ आणि दररोज तीच चव देण्याची शिस्त. ते सोडू नकोस. अन्नसुरक्षेची नोंदणी लहान विक्रेत्यालाही लागते, ती पहिल्या दिवशी कर. बाकी सगळे वरुडचे असू दे. एल रिनोचा स्वयंपाकी तुझ्या जागी असता, तर त्याने आधी बाजारात जाऊन विचारले असते की येथे स्वस्त काय आहे आणि चांगले काय आहे. हरभऱ्याची डाळ आहे, कांदा आहे, सांबार, म्हणजे कोथिंबीर आहे, मिरची आहे. रात्रभर भिजवलेली डाळ जाडसर वाटून, त्यात भरपूर सांबार आणि लसूण घालून केलेला डाळवडा तव्यावर ठेव, वरून मूठभर बारीक कांदा टाक, सराट्याने चेप आणि कांद्याच्या बाजूने उलटून तांबूस होऊ दे. गिलावड्यासाठी अमरावतीला जाणारा माणूस तुझ्या गाडीवर थांबतो की नाही, ते पाहा. मी माझ्या घरी लोखंडी तव्यावर हे तीनदा करून पाहिले. पहिल्यांदा वडा फुटला, कारण डाळीत पाणी राहिले होते. दुसऱ्यांदा कांदा करपला, कारण आच मोठी होती. तिसऱ्यांदा जमले. डाळ कपड्यात बांधून अर्धा तास टांगून ठेवावी लागते आणि चेपताना एकदाच चेपावे, पुन्हा पुन्हा नाही.

पावाकडे दुर्लक्ष करू नकोस. गोड, मऊ, तीळ लावलेला गोल पाव शहरातून आणण्याच्या भानगडीत न पडता गावातल्या बेकरीवाल्याशी बोल. त्याला पहाटेच्या खेपेत तुझ्या मापाचे शंभर पाव काढायला सांग आणि पहिले पंधरा दिवस रोख पैसे दे. वरचा अर्धा पाव वड्यावर पालथा घालून वाफेवर धरलास तर कालचा पावही आजचा वाटतो, पण म्हणून कालचा वापरू नकोस.

संत्र्याच्या गावातला आहेस म्हणून संत्र्याची चटणी घालशील, असे मला तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळींवरून वाटते. करून पाहा, परंतु आधी दहा ओळखीच्या माणसांना फुकट खाऊ घाल आणि त्यांच्या तोंडाकडे पाहा. बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस, ओळखीचे लोक वाईट म्हणत नाहीत. दुसरा कोण मागतो, तेवढेच मोज.